उभ्या ट्रॅक्टरचं तेल

हिंजवडी,
भाऊबीज उरकल्यानंतरचा सोमवार, २००६

सन्माननीय व्याही दीनानाथराव यांस सर्जेरावाचा दोन्ही हात जोडून रामराम, आणि विहीणबाईंना नमस्कार.

आपली तब्येत कशी आहे? गुडघा थंडीत धरतो असं आमची जया म्हणत होती. तिळाचं तेल कोमट करून लावत जा, गार लावू नका. (तेल कोमट असण्याला फार महत्त्व आहे, हे मला याच महिन्यात कळलं, पण ते पुढे येईल.) विहीणबाईंच्या मोतीबिंदूच्या डोळ्याची पट्टी निघाली का? नातवाला दात आले का? जयाने पाठवलेल्या चकल्या पोचल्या. जरा कडक होत्या, पण ती त्या आमच्याच घरात शिकून आली आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करू? दोन दिवस चहात बुडवून खाल्ल्या. इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे ठीक नव्हतं, पण मी ठीक करून दाखवलं, तेच सांगायला हे पत्र.

फोन असताना पत्र कशाला, असं आपण म्हणाल. आमच्या चेतनने मला मोबाइल घेऊन दिला आहे, पण त्यावर बोलायला लागलो की अख्खं घर गप्प बसून ऐकतं, आणि ठेवला की प्रत्येक जण मी काय बोलायला हवं होतं ते सांगतो. कागद बरा, मध्ये बोलत नाही. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे आपल्या जिवाला घोर नको. मला आपल्याकडे काही मागायचं नाही. मुलीच्या बापाने व्याह्याच्या दारात हात पसरू नये ही आमच्या घरची रीत. आमचे वडील आक्काच्या सासरी जायचे तेव्हा पाण्याचा तांब्या घरून घेऊन जायचे, आणि तो संपला की उठायचे. मी आपल्याकडे चहापर्यंत आलो आहे, त्यापुढे सरकणार नाही. तेव्हा ही नुसती हकिगत समजा, आणि फुरसतीने, गुडघा लांब करून वाचा.

आमचा ट्रॅक्टर आपल्याला ठाऊक आहेच. जयाच्या लग्नात रुखवत त्याच्याच ट्रॉलीतून आलं होतं. आमची जमीन गेली तेव्हा बदल्यात दोन फ्लॅट मिळाले आणि गाड्या उभ्या करायच्या दोन जागा. आमची इमारत आमच्याच रानात उभी आहे, त्यामुळे मला जागा विचारावी लागत नाही. कांद्याची चाळ होती तिथे पार्किंग आहे, आणि विहिरीच्या जागी पोहण्याचा तलाव. (पाणी तेव्हाही होतं, तेव्हाही पोरं पोहायची, पण टोपी घातल्याशिवाय उतरू नका असं विहीर कधी म्हणाली नाही.) दोन जागांपैकी एकीत चेतनची गाडी असते आणि दुसरीत ट्रॅक्टर, मागे पलटी नांगरासकट. नांगर सोडून ठेवा असं मला सगळे सांगतात. मी सोडत नाही. नांगर लावलेला ट्रॅक्टर म्हणजे टोपी घातलेला माणूस. तो कुठेतरी निघालेला दिसतो.

तो कुठे निघत नाही, हीच सगळ्यांची तक्रार. वर्षातून एकदा सोसायटीचा गणपती ट्रॉलीत बसवून घाटावर न्यायचा, आणि दर अमावस्येला मी सुरू करून इमारतीभोवती एक चक्कर मारायची, एवढंच त्याचं चालणं. आमचे चेअरमन बाबुराव पेठेतून इकडे राहायला आले, येताना पेठेतली जीभही घेऊन आले. गृहस्थ कधी आवाज चढवत नाहीत. एके दिवशी मी खाली गेलो तर ट्रॅक्टरसमोरच्या खांबावर सुवाच्य अक्षरात पाटी: ‘ही वस्तू वाहन असल्यास हलवावी. नसल्यास हार घालावा.’ मी तीनदा वाचली. मग वर जाऊन खोक्याचा पुठ्ठा कापला आणि खाली माझी पाटी लावली: ‘हे वाहन आहे. ज्या जमिनीवर आपण उभे राहून हे वाचत आहात ती यानेच नांगरली आहे.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली तिसरी आली: ‘नांगरट झाली असल्यास वाहन हलवावे.’ आता अशा माणसाशी काय भांडणार? राग येण्याआधी हसू येतं, आणि हसू आलं की बाजू पडते.

तशात यंदाचा पावसाळा आपण पाहिलाच. इकडे तळमजल्याच्या भिंतीसुद्धा घामेजल्या होत्या. गणपती पोचवून आल्यावर नांगर परत जोडला आणि उचलायला दांडा ओढला, तर हायड्रॉलिकचे दोन्ही हात म्हाताऱ्याने चहाची कपबशी उचलावी तसे थरथरत वर आले. आतून पंपाचं कण्हणं. इंजिन बंद केलं, वर जाऊन पेपर वाचून आलो, तर नांगर खाली टेकलेला. मी मापाची कांडी बाहेर काढून पाहिली. दीनानाथराव, तेल मधासारखं असायला हवं ते ताकासारखं! पांढुरकं, फेसाळ. दिवसा उन्हाने तापायचं आणि रात्री गार पडायचं असं करत उभा ट्रॅक्टर पोटात घाम धरतो, तोच घाम तेलात उतरला होता. मी तिथल्या तिथे ठरवलं की तेल बदलायचं.

इथून भांडण सुरू झालं. चेतनला आपण ओळखता. मुलगा गुणी आहे, कंपनीत त्याच्या हाताखाली माणसं आहेत, पण घरी त्याच्या हाताखाली कोणी नसल्यामुळे तो मला समजावतो. त्याने ट्रॅक्टरसोबत आलेलं पुस्तक वाचलं आणि म्हणाला, ‘‘बाबा, हजार तासांनी तेल बदला असं लिहिलंय. मीटर बघा. वर्षाला नऊ तास. या स्पीडने तेल बदलायला अजून शंभर वर्षं आहेत. रिलॅक्स.’’ मी म्हटलं, पुढचं वाच. पुढे स्वच्छ छापलं आहे, ‘किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते.’ त्यावर म्हणाला की ते कंपन्या तेल खपावं म्हणून लिहितात. बघा! अर्धं वाक्य वाचायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर संशय घ्यायचा, याला हल्ली शिक्षण म्हणतात. मी त्याला विचारलं, आईने घातलेलं लोणचं चार वर्षं कोणी उघडलं नाही तर ते ताजं राहतं का? बरणी किती तास चालली ते बघून खाशील? बसून राहिलेल्याचं वय थांबतं असं ज्याला वाटतं त्याने माझ्याकडे बघावं. मला रिटायर होऊन, म्हणजे माझं रान रिटायर होऊन, आठ वर्षं झाली. या आठ वर्षांत माझे तास काहीच झाले नाहीत, तरी कंबर काय म्हणते ते मला माहीत आहे. एवढं बोलल्यावर तो उठला. पटलं म्हणून नव्हे, कंपनीत जायला उशीर झाला म्हणून.

पण गोष्ट घरात राहिली असती तर निभावलं असतं. ती गेली सोसायटीच्या बैठकीत. बाबुरावांनी ठराव मांडला की जी गाडी गाडीचं काम करत नाही ती भंगार समजावी आणि दसऱ्यापर्यंत आवाराबाहेर काढावी. चेतन तिथेच बसला होता. तो बूट बघत राहिला. (मागाहून कळलं की त्याला त्या जागेवर दुसरी मोटार हवी आहे, सूनबाईंसाठी. सूनबाई स्वतः मला म्हणाल्या, ‘‘मामंजी, मला बस बरी पडते, झोप होते.’’ पोरगी सोन्यासारखी आहे.) मला संताप आला आणि मी उभा राहून भर सभेत सांगितलं की हा ट्रॅक्टर नांगर उचलतो, आणि उचलून धरतो. धरला नाही तर भंगारवाल्याला मी माझ्या हाताने आवाज देईन. बोलून गेलो, दीनानाथराव. तेल ताकासारखं आणि मी तुपासारखं बोललो. आमच्या सेक्रेटरी मैत्री म्हणून आहेत, नागपूरकडच्या, कंपनीत कामाला, वयाने जयाएवढ्या, त्या लगेच म्हणाल्या, ‘‘काका, मग डेमोच द्या ना! संडेला मीटिंग पार्किंगमध्येच घेऊ. मीटिंग संपेपर्यंत नांगर वर राहिला तर डेमो पास, विषय क्लोज.’’ रविवारी नेमकी खंडेनवमी होती. मी म्हटलं, झालं, मुहूर्तही देवानेच काढला.

आता तेल आणायचं. नाना पेठेत एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदाराने पेपरातून डोकं न काढता विचारलं, ट्रॅक्टर किती चालतो? मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग तेल कशाला नेताय काका? उदबत्ती न्या.’’ पुण्यात माणूस पैसे देऊन बोलणी खातो ते असं. मी त्याला तिथे उभा राहून ‘जे आधी येईल ते’ समजावलं, लोणच्याचा दाखला दिला, त्याच्या दुकानातल्या न खपलेल्या मालाकडे बोट दाखवलं. शेवटी तो म्हणाला, ‘‘अहो, देतो, पण बसा. बाकीची गिऱ्हाइकं घाबरतायत.’’ आणि चहा मागवला. तेलाचे डबे घेऊन मी रिक्षाने परत आलो. रिक्षावाल्याने वाटेत विचारलं, हॉटेल काढलंय का?

शनिवारी वैजनाथला बोलावला. हा बीडकडचा, पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता इकडे ट्रॅक्टर उरले नाहीत म्हणून कंपन्यांच्या बसगाड्या बघतो. आता इथे जे घडलं ते फक्त आमच्यासारख्या माणसाच्या हातून घडू शकतं. शेतात असताना तेल काढायचं म्हणजे विहिरीशेजारी अर्धा कापलेला मोठा पिंप असायचा, तो खाली सरकवायचा, बोल्ट सोडायचा आणि आपण विडी ओढायला जायचं. किती तेल येतं ते बघायला कोणी थांबत नसे. पिंप आता तलावाच्या निळ्या फरश्यांखाली कुठेतरी आहे. मी दोन बादल्या ठेवल्या. वैजनाथने बोल्ट सोडला. पहिली बादली भरली, दुसरी भरली, धार तशीच! या एकाच तेलावर गियरही चालतात आणि हायड्रॉलिकही, म्हणजे चांगलं चाळीस लिटरचं पोट. वैजनाथ खालून ओरडतो, ‘‘काका, भांडं! भांडं द्या!’’ बोल्ट त्याच्या हातातून निसटून बादलीच्या तळाशी गेलेला. भोकाला त्याने अंगठा लावला, आणि अंगठ्याच्या बाजूने ताक बाबुरावांच्या गाडीकडे निघालं. मी वर बघून हाका मारल्या. मग काय विचारता! पहिल्या मजल्यावरच्या मालनबाईंनी दोरीने बादली सोडली. आमच्या हिने घंगाळ दिलं. (ते तिच्या माहेरचं. त्याबद्दल आठवडाभर मला आमटी बिनमिठाची मिळाली.) कंपनीतल्या पोरांनी पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, पण तोंड निमुळतं, नेम कोणाचाच लागेना. शेवटी मैत्रीबाई लहान मुलाचा न्हाणीचा टब घेऊन धावत आल्या. गुलाबी, त्यावर बदकं. राहिलेलं तेल त्या बदकांवर विसावलं. ज्या सोसायटीत शेजारी शेजाऱ्याला जिन्यात ओळख देत नाही तिथले बाराएक लोक तेलाने माखून एकमेकांची नावं विचारत होते. आणि बाबुराव? ते गच्चीतून बघत होते. सगळं शांत झाल्यावर वरून म्हणाले, ‘‘सर्जेराव, माझ्या गाडीलाही हवं होतं का तेल? मी विचारलं नव्हतं.’’

वैजनाथने आतलं गाळण धुतलं, दोन रबरी वायसर नवे टाकले आणि नवं तेल भरलं. कांडी काढली तर टोकाला मधाचा थेंब. मी तो थेंब बोटावर घेऊन चेतनला दाखवायला वर गेलो. तो म्हणाला, ‘‘बाबा, सोफ्याला लावू नका.’’

रविवारी सकाळी सगळे पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसले. मी धोतर-टोपी घालून चक्कर मारली, जागेवर आणून उभा केला, नांगर खाली टेकवला, दांडा ओढला. नांगर एका दमात वर! इंजिन बंद केलं. सगळ्यांचे डोळे नांगराकडे. बैठक सुरू झाली आणि माझ्या ध्यानात आलं की बैठक कधी संपणार ते बाबुरावांच्या हातात आहे. त्यांनी टँकरचा विषय घेतला. तो संपल्यावर जिन्यातल्या चपलांचा घेतला. मग कबुतरांचा. गेल्या वर्षी मिटलेला भिंतीच्या रंगाचा विषय त्यांनी पुन्हा उघडला, आणि रंगाला कोणाचाच विरोध नाही म्हटल्यावर स्वतःच विरोध केला. प्रत्येक विषयानंतर चष्मा वर करून नांगराकडे बघायचे. नांगर होता तिथे. ऊन खांबावरून उतरून खुर्च्यांवर आलं, पोरं कंटाळून तलावाकडे गेली, घराघरातून कुकरच्या शिट्ट्या येऊ लागल्या. मी मात्र फाळाखालची फट डोळ्यांनी मोजत होतो. कारण तेल नवं असलं तरी ट्रॅक्टर जुना, त्याच्या आत काय चाललंय ते त्यालाच माहीत.

तेवढ्यात आमची ही, यमुनाबाई, पूजेचं ताट घेऊन खाली आली. कोणाला काही न विचारता तिने ट्रॅक्टरला हळदकुंकू लावलं, नांगराच्या फाळाला लावलं, झेंडू वाहिला, नारळ ठेवला, आणि सभेकडे वळून म्हणाली, ‘‘आज खंडेनवमी. पुजलेलं अवजार उद्यापर्यंत हलवायचं नसतं. आता हा वरच राहणार. तुम्ही जेवायला चला.’’ मग मालनबाई पुढे झाल्या, मग मैत्रीबाईंनी आपला कंपनीतला लॅपटॉप आणून फाळाशेजारी ठेवला, आणि पोरांनीही ठेवले. बाबुराव एकटे खुर्चीत उरले. कोणीतरी त्यांच्या हातात झेंडूचा हार दिला. ते उठले, हार ट्रॅक्टरच्या नाकावर नीट घातला, मागे सरून पाहिला आणि म्हणाले, ‘‘पाटीप्रमाणे झालं. विषय संपला.’’ नांगर दसऱ्याच्या सोन्यापर्यंत वर होता, दीनानाथराव. एक बोट खाली आला नाही. ट्रॅक्टर आपल्या जागेवर आहे आणि राहणार. जे लोक मीटर वाचून तेलाचं वय सांगतात त्यांनी हे ध्यानात ठेवावं. उभं राहणं हेही काम आहे, आणि त्यालाही तेल लागतं. मी यापुढे कोणाचं ऐकणार नाही, आणि दर वर्षी, चालो न चालो, तेल बदलणार.

जयाला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार, नातवाला खाऊ नंतर पाठवतो.

आपला, उभा पण न गंजलेला,
सर्जेराव

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी खाली जाऊन कांडी बघून आलो. सांगू नये, पण आपण घरचेच. टोकाला किंचित पांढरं दिसलं. महिनाही झाला नाही. मी पुन्हा पुसून बघितलं, चष्मा बदलून बघितलं. हिला दाखवलं, तर पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘‘तेल नवं भरलंत, पण डबा आतून ओलाच होता ना? ओला डबा तापवल्याशिवाय सुकतो का? इमारतीभोवती चक्कर मारून तेलाला काय ऊब येणार! त्याला दिवसभर राबवा, घाम आपोआप उडेल.’’ आणि पोळी उलटताना वर म्हणाली, ‘‘तुम्हालाही तेच.’’ म्हणजे चेतनने वाक्याचा पहिला अर्धा वाचला, मी दुसरा, आणि जे वाक्यात नव्हतंच ते हिने वाचलं. हे चेतनला कळवू नये. बाबुरावांना तर मुळीच नको.

ता. क. २. आपली बाजरी निघाली असेल. गव्हाला रान तयार करायला आपण भाड्याचा ट्रॅक्टर बोलावता असं जया सहज बोलली होती. मी मागत नाही, रीत मला ठाऊक आहे. फक्त विचारतो की तो भाड्याचा माणूस नीट खोल नांगरतो का? हल्लीची पोरं वरवर खरडतात. माझा डिझेलचा डबा मी घेऊन येईन, पाण्याचा तांब्याही आणीन, जेवण हिने बांधून दिलेलं असेल. वैजनाथ रस्त्याने सोबत करायला तयार आहे. आपण फक्त चेतनच्या मोबाइलवर एक फोन करा, आणि तुम्हीच बोलावताय असं सांगा. जरा अडलंय असा आवाज काढा.

ता. क. ३. दोन एकर आहे ना? एक दिवसाचं काम आहे, पण मी उभं आडवं दोन्ही करीन. मग हवं तर शेजाऱ्याचंही. घाई करू नका. तेल तापायला वेळ लागतो.